पेंढ्याच्या पुढाऱ्याचं दहावं

रा. रा. दाजी यांस,

शंभूचा साष्टांग नमस्कार. खरं तर डोकं टेकवूनच करायचा, पण टाळूवर नुकते खुंट उगवू लागलेत आणि टेकलं की टोचतात, तेव्हा नुसते हात जोडले ते गोड मानून घ्या. आपली तब्येत बरी असेल. शुभांगीताईची कंबर कशी आहे? तुमच्या बावधनच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू झाली का? (झाली नसल्यास निषेध वगैरे करू नका. कारण पुढे येईलच.) इकडे आप्पा ठीक आहेत. जेवतात, झोपतात, फक्त माझ्याशी बोलत नाहीत. मला काही सांगायचं असलं की ते म्हशीला सांगतात.

तो व्हिडिओ तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आल्याचं ताईने रडत कळवलं. त्यात माइक धरून ओरडणारा टकला मीच, नाकारण्यात अर्थ नाही. पण व्हिडिओ अठरा सेकंदांचा आहे आणि गोष्ट वर्षभराची, म्हणून हे पत्र.

आईचं दहावं तुम्हाला आठवत असेल. ती तापाने फणफणलेली असताना आम्ही सहा जण तिला घोंगडीच्या झोळीत घालून डोंगर उतरलो. खाली डांबरीवर अँब्युलन्स दिवा लावून उभी होती, आणि तिच्या दारापाशी पोचेपर्यंत आई गेली होती. दहाव्याला कावळे आंब्यावर येऊन बसले, पण पिंडाला एकही शिवेना. कांदाभजी ठेवली, जादा साखरेचा चहा ठेवला. आप्पांनी तंबाखू सोडायचं कबूल केलं, कावळा हलला नाही (आईचा त्यांच्यावर विश्वास नव्हताच). तुम्ही पुढे होऊन शुभांगीला उलट बोलणार नाही म्हणालात, तेव्हा त्याने सरळ पाठ फिरवली. हे वाडीत अजून सांगतात, मी सांगत नाही. शेवटी मी हात जोडून म्हणालो, "आये, रस्ता करून घेतो." आणि कावळा खाली उतरला. तेव्हापासून मी बांधलेला माणूस आहे, दाजी.

वाडीचे अर्ज मीच लिहितो (बारावी पास एकटाच). रस्त्याचे अर्ज लिहून लिहून माझं अक्षर सुधारलं, रस्ता होता तिथेच राहिला. आपले पुढारी हैबतराव साहेब तीनदा येऊन नारळ फोडून गेले. खोबरं आम्ही वाटून खाल्लं. मग मंडळाच्या पोरांनी ठरवलं की पौडला जाऊन साहेबांचं प्रतीकात्मक दहावं घालायचं. ही काही आमची अक्कल नव्हे. पुढाऱ्याचा पुतळा जाळणं, तेरावं घालणं सगळेच करतात आणि पेपरात फोटो येतो. परवानगी मात्र एकाच दिवसाची मिळाली, त्यामुळे दहा वाजता पुतळा पेटवून अकरा वाजता दहावं उरकणं भाग होतं. पुतळा पेंढ्याचा केला. वर पांढरी टोपी घातली, ती आप्पांची (ते बोलत नाहीत त्याचं हेही एक कारण आहे). मुलगा कोण होणार असा प्रश्न आला तेव्हा सगळे आपापल्या बापाकडे बघून मागे सरकले. माझेही वडील तिथेच उभे होते, पण मला गेल्या वर्षीची सवय आहे असं ठरलं आणि न्हाव्याने मला खाली बसवलं.

आता कावळ्याचं ऐका. पिंड ठेवून मी पाऊलभर मागे सरतो न सरतो तोच पठ्ठ्या आला आणि सगळं खाऊन गेला. आईला दोन तास लावले आणि ह्या माणसाला दोन मिनिटंही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं की साहेबांची काही इच्छाच उरली नाही, सगळ्या आधीच पुऱ्या झाल्यात. लोक हसत होते आणि मला मात्र आईचं दहावं आठवून आतून पेटल्यासारखं झालं. तेवढ्यात हातात माइक आला. मी म्हणालो, "आज पेंढ्याचा जाळलाय. रस्ता न्हाई झाला तर पुढच्या येळी खरा जाळू." टाळ्या दुप्पट झाल्या. टाळ्या फार वाईट, दाजी. मी तेच वाक्य आणखी दोनदा म्हणालो.

मग व्हायचं तेच झालं. साहेबांच्या माणसाने तक्रार दिली, मला ठाण्यात बसवलं. पंचनामा अकरा पानी झाला. पेंढा किती, टोपी कुणाची, कावळा कोणत्या दिशेने आला (नोंद आहे : पूर्वेकडून, अनोळखी). आई खरीखुरी गेली तेव्हा कागद एकच निघाला होता, मृत्यूचा दाखला, आणि त्यात रस्त्याचं नाव नव्हतं. मी हवालदारांना नम्रपणे विचारलं की निवडणुकीत साहेब विरोधकांना जिवंत गाडीन म्हणाले होते, त्याचं काय झालं? ते म्हणाले, "ती साहेबांची भाषणाची ढब हाय." मग माझी? म्हणाले, "तुजा गुन्हा हाय."

यावर मी खूप हसलो असतो. पण त्यांनी मला तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाखवला, ओळख पटवायला. तिसऱ्यांदा पाहताना त्या टकल्याची मलाच भीती वाटली. मी कोंबडी कापायलाही शेजाऱ्याला बोलावतो हे तुम्हाला ठाऊक आहे. साहेबांनाही घरी माणसं असतील, त्यांनीही हेच पाहिलं असेल. दहावं घातलं इथवर माझं बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. पुढचं ते एक वाक्य माझं चुकलं, आणि आता सगळा तालुका तेवढ्याच वाक्यावर बोलतोय. सुटून घरी आलो तेव्हा आप्पा गोठ्यात होते. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आयकलं का गं, यानं आयला रस्त्याचा शब्द दिला व्हता. माणूस जाळायचा न्हाई." म्हैस माझ्याकडे बघत राहिली.

शेवटी मध्यस्थी झाली. साहेब प्रकरण ताणणार नाहीत, पण मी हमीपत्र द्यायचं. साहेबांविषयी, त्यांच्या आयुष्याविषयी आणि 'सदर रस्त्याविषयी' यापुढे कधीही, कुठेही, कुणासमोरही बोलणार नाही. पहिल्या दोन गोष्टी मी आनंदाने लिहिल्या. तिसरीवर पेन अडलं. आप्पांचं वय झालंय, म्हैस गाभण आहे, तारखांना कोण जाणार? सही केली. अक्षर सुंदर आलं. तेव्हापासून मला काहीच गोड लागत नाही.

ताईला नमस्कार. माझी काळजी करू नका, करण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

आपला,
शंभू

ता. क. आईचं वर्षश्राद्ध येत्या एकोणीस तारखेला आहे. आदल्या दिवशी उजेडात या आणि जाड चपला घाला, वाट तुम्हाला माहीत आहे.

आणखी एक. त्या दिवशी पान ठेवलं की कावळा अडणार, हे मला आत्ताच दिसतंय. वर्ष झालं, तो विचारणारच. आणि मला तोंड उघडता येणार नाही (हवालदार साध्या कपड्यात येणार आहेत, जेवूनच जातील). हमीपत्रावर सही माझी आहे, तुमची नाही. तेव्हा रस्त्याचं तिला तुम्ही सांगा. कावळ्याचा तुमच्यावर विश्वास नाही, ही एकच अडचण आहे. म्हणून पत्र मिळाल्यापासून ताईशी जरा नीट वागायला लागा.