काठोकाठ प्याला

मक्सत,

मी आयझेरेला घेऊन अल्माटीला डॉक्टरीणबाईंकडे चाललेय. संध्याकाळच्या बसने परत येऊ. मटणाच्या रश्शाखालचा गॅस बंद केलाय. दारातून मागे फिरून दोनदा बघून आले, हसू नकोस.

परवा चहा ओतताना माझं लक्ष पाहुण्या बाईंच्या शालीवरच्या टाक्यांवर गेलं आणि प्याला काठोकाठ भरला. आपल्याकडे काठोकाठ प्याला म्हणजे 'आता निघा' म्हटल्यासारखंच. त्या खरंच उठून गेल्या. तुझ्या बहिणीने, कुल्याशवन्संनी, सगळ्यांदेखत मला वेंधळी म्हटलं. म्हणू दे, मला सवय आहे. पण मग आयझेरेचा अर्धवट अभ्यास बघून म्हणाल्या, "आईवरच गेलीय कार्टी. चार फटके द्या, लागेल लक्ष!"

ते फटके मीही खाल्लेत. नाही लागलं लक्ष. माझा भाऊही असाच होता, त्याला डॉक्टरकडे नेलं. मी मुलगी, म्हणून मला आळशी ठरवून मोकळे झाले. हा आळस नाही, माझा मेंदूच असा आहे, हे मला पस्तिशीत याच डॉक्टरीणबाईंकडून कळलं. तू म्हणालास, "लोकांना कळलं तर?" कळू दे. मीच सांगेन.

दुपारी कुल्याशवन्सं येतील. चहा थर्मासमध्ये आहे. फटक्यांची गोष्ट पुन्हा काढली, तर त्यांचा प्याला काठोकाठ भर. तुला नाही जमलं, तर आल्यावर मी भरेन. आणि या वेळी माझं सगळं लक्ष प्याल्यावरच असेल.

शोल्पान