वाळूपिसवांची वाट

४ मार्च
ब्रेस्तहून निघालेली बोट एकदाची लागली! वाटभर उलट्या झाल्या, पण नवऱ्याच्या, जोझोनच्या बेटावर पाऊल पडलं. लग्नाला आठवडा झाला आणि घर आज बघितलं. एकच खोली, दारं मात्र दोन: एक गावाकडे, एक समुद्राकडे. किनाऱ्यावर कुजक्या शेवाळाचे ढीग. पाय लागला की वाळूपिसवा ताडताड उडतात. मी किंचाळले. सासूबाई म्हणाल्या, अगं, चावत नाहीत त्या, नवी नवरी बघायला आल्यात. जेवायला काळ्या गव्हाचे घावन होते. मी खूश आहे.

१२ मार्च
शेजारच्या माहारीटचं बाळ तापाने फणफणलं होतं. सासूबाईंनी टोपलीभर शेवाळ नेऊन तिच्या खोलीत उपडं केलं. त्यातल्या पिसवा टणाटण तिथल्या समुद्राकडच्या दारातून निघून गेल्या. आता जगेल, म्हणाल्या, आणि बाळ खरंच सकाळी दूध मागू लागलं. बिछान्याकडे वळल्या असत्या तर, मी विचारलं. तर शवपेटी करायला सुताराला बोलवायचं, म्हणाल्या. मला हसू आवरेना.

२० मार्च
शेवाळ ओढताना जोझोनच्या तळहातात आकडा घुसला होता. आता कोपरापर्यंत हात काळानिळा पडलाय. वारा सुटलाय, बोट बंद, डॉक्टर पलीकडे. मी नको नको म्हणत असताना सासूबाईंनी टोपली उपडी केली.
सगळ्या पलंगाखाली गेल्या. केरसुणीने झोडपल्या, तरी परत तिथेच. त्याच्याशिवाय मला इथे कोण आहे?

२१ मार्च
सासूबाई सुताराकडे गेल्या. मी पलंग ओढून समुद्राकडच्या उंबऱ्यावर आडवा लावला आणि पुन्हा टोपली ओतली. पलंगाकडे धावल्या त्या खालून थेट बाहेर! फसवलं मी त्यांना.
सासूबाई परतल्या, दारातला पलंग बघितला. म्हणाल्या, काय केलंस हे, पोरी? जो पलंग हलवतो, त्याच्याकडे वळतात त्या. हे बायकांतच ठेवतो आम्ही, पुरुषांच्या कानावर घालत नाही.

२३ मार्च
जोझोनने सूप मागितलं. ताप गेला.
माझ्या घागऱ्याच्या काठात पिसवा. झटकल्या. पुन्हा —

२४ मार्च
अंग भाजतंय. दोन्ही दारं बंद, तरी अंथरुणात —

२५ मार्च
सासूबाई चर्चमध्ये मेणबत्ती लावायला गेल्यात. जोझोन म्हणतोय, तू मला वाचवलंस तसंच मी तुला — माझा पलंग ओढतोय दाराशी. त्याला सांगायला हवं. मला मरायचं नाहीये. मी गप्प आहे —
त्याने टोपली ओतली. गेल्या! सगळ्या बाहेर — जोझोन हसतोय, टाळ्या वाजवतोय —
वाळूवरून परत फिरल्या — देवा, मी का नाही — त्याच्या अनवाणी पायां —