टिकाव लागणार नाही

प्रिय फावड्यास,

अनेक आशीर्वाद. (तू माझ्याहून काही महिन्यांनी का होईना धाकटा आहेस, आणि हा मोठेपणा मी सोडणार नाही.) तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला थांबला का? तू कवळी बसवून घेतल्याचं कळलं. पुढचे दोन दात फावड्यासारखे होते म्हणून वर्गाने तुला हे नाव दिलं, आता दात गेले, नाव राहिलं. काव्यात याला काय म्हणत असतील कोण जाणे, पण मला ते वाचून दिवसभर चुकल्यासारखं झालं.

इकडे मी जिवंत आहे. हे वाक्य तू सहज वाचून पुढे जाशील, पण ते लिहायला मला आठवडाभर धीर होत नव्हता. झालं असं, की मागच्या आठवड्यात मला घेरी आली. फार नाही, न्हाणीघरातून खोलीत येताना ओल्या फरशीवर पाय सरकला आणि भिंत माझ्याकडे चालत आली. डॉक्टर येऊन गेले, छाती ठोकून पाहिली, "बघू, उद्या येतो" म्हणाले. हे "बघू" मला आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडून होतो आणि खिडकीबाहेर, मागच्या अंगणात, माझा मुलगा कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होता. समोरच्याचा आवाज घोगरा. आपले डॉक्टरही घोगरेच. त्यामुळे मला शंका यायचं कारणच नव्हतं.

"आतून सगळं गंजलंय," घोगरा आवाज म्हणाला. "जुना माल. त्या काळी बरा होता."

"मग? टिकाव लागेल?" हा माझा मुलगा. पोटचा.

"छे हो, टिकाव नाही लागायचा. दोन दिवसांत उरकून टाकू. वर माती लोटली की झालं, कुणाला कळणारसुद्धा नाही."

फावड्या, माझी पाचावर धारण बसली. मरणाची भीती मी कवितेत पुष्कळ वाचली होती, तिथे ती संध्याकाळच्या सावलीसारखी हळूच येते. माझ्याकडे ती चड्डीतल्या मुंगीसारखी आली. उठावं की पडून राहावं कळेना. आणि सगळ्यात लागलं ते "कुणाला कळणारसुद्धा नाही". निदान तुला तरी कळवतील, एवढी माझी अपेक्षा होती.

त्यानंतर पुरावे गोळा होत गेले. संध्याकाळी सूनबाईने चहात साखर घातली. (एरवी ती डबासुद्धा माझ्यापासून उंचावर ठेवते.) रात्री मुलगा पलंगाच्या कडेवर बसला, आणि पंख्याकडे पाहत म्हणाला, "बाबा, कदाचित तुमची खोली रिकामी करावी लागेल." मी म्हटलं, "मला कल्पना आहे." तो म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "माणसाला आतून कळतं." तो "बरं" म्हणून निघून गेला. असा मुलगा. मग दुसऱ्या दिवशी मी तयारीला लागलो. छत्री शेजाऱ्यांना देऊन टाकली, आरामखुर्ची पोस्टमनला देऊ केली (त्याला सायकलवरून नेता आली नाही, म्हणून ती वाचली). अखेरचे शब्द म्हणून शाळेतली एखादी ओळ म्हणावी असं ठरवलं, पण चांगल्या ओळी सगळ्या लांब. आरशासमोर उभा राहून म्हणून पाहिल्या, प्रत्येक वेळी दुसऱ्या चरणात दम संपायचा. शेवटी आपल्या गुरुजींनी स्वतः रचलेली ती जोडओळ निवडली, म्हणायची मात्र अर्धीच. पुरी अशी :

घालि टिकाव कठोर घाव, परि धरणी ना रडे,
गोड जळाची धार देइ ती, घाव जिथे तो पडे.

ही म्हणतानासुद्धा माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, यावरून मी किती घाबरलो होतो ते समज.

त्याच्या पुढच्या सकाळी अंगणात खटका झाला म्हणून गज धरून बाहेर पाहिलं. एक गवंडी, खांद्यावर फावडं, उभा. मुलगा विचारत होता, "टिकाव नाही आणलास?" गवंडी घोगऱ्या आवाजात म्हणाला, "परवाच सांगितलं ना, टिकाव लागणार नाही. माती भुसभुशीत आहे, फावड्यावर भागतंय. आधी पाइप तर उघडी पडू द्या." पाण्याची पाइप, फावड्या. गंजलेली ती. जुना माल ती. मी गजाला धरून हसलो, आणि हसता हसता खाली बसलो, कारण पायांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी या शब्दाचा विचार करतोय. जमीन फोडतो तोही टिकाव आणि तग धरतो तोही टिकाव. लागणे म्हणजे गरज पडणे आणि लागणे म्हणजे जमणे. चार अर्थ दोन शब्दांत कोंबून आपल्या भाषेने ते माझ्या खिडकीखाली आणून ठेवले. खोऱ्याचंही तसंच, एक नदीचं, एक मातीचं. पण नदीच्या खोऱ्याने कुणाचा जीव जात नाही. तुला आठवतं का, गुरुजींनी "टिकाव" वाक्यात वापरायला सांगितला आणि तू उभा राहून म्हणालास, "आमच्या घरच्या टिकावाचा टिकाव लागत नाही, दांडा निघतो"? गुरुजींना हसूही आलं आणि त्यांनी तुला बाकावरही उभं केलं. मी तेव्हा तुझ्याकडे खालून पाहत होतो. केवढा उंच दिसत होतास.

तर इथेच पत्र संपायला हवं होतं. पण अंगणातली पाइप धडधाकट निघाली. पाणी झिरपतंय ते माझ्या खोलीखाली. (म्हणून ती फरशी ओली असते. मी उगाच स्वतःला दोष देत होतो.) गवंडी आत आला, पलंगापाशी उकिडवा बसला, बोटाने फरशी वाजवली आणि माझ्याकडे पाहून हसत म्हणाला, "आजोबा, इथे मात्र टिकाव लागेल." ज्या वाक्यासाठी मी जीव टांगणीला लावून बसलो होतो, ते असं ऐकायला मिळालं. माझा पलंग आता बाहेरच्या खोलीत, जोडे काढतात त्या भिंतीला लागणार. मुलगा म्हणतो, "थोड्या दिवसांचं काम आहे." असेल. पण म्हाताऱ्याचा पलंग एकदा बाहेर आला की तो परत आत गेल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. तिथे कपाट जातं, शिलाईमशीन जातं, मग पाहुणे जातात. सूनबाई काल फूटपट्टी घेऊन माझी खोली मोजत होती. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार. कवळी रात्री पाण्यात ठेवत जा.

तुझा,
बाकावरचा शेजारी

ता. क. : तुला एक लांबट गाठोडं येईल. उघडू नकोस, माळ्यावर टाक. गवंड्याने आणून ठेवलेला टिकाव आहे तो. जुन्या चादरीत गुंडाळून ओढत ओढत पार्सलवाल्याकडे नेला. वाद्य आहे म्हणून सांगितलं. "कसलं?" म्हणाला. तालवाद्य, म्हटलं. इथे शोधाशोध चालू आहे. माझ्यावर कुणाचा संशय नाही. मी टिकाव उचलू शकेन असं कुणालाच वाटत नाही, याचं जरासं वाईट वाटलं.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तेवढ्यात सूनबाई आली. म्हणाली, "बाबा, तुम्ही घसरलात ना, म्हणून खरखरीत फरशी घालतोय. मापं घेतलीयत. पलंग आहे तिथेच ठेवायचा की खिडकीजवळ?" मी खिडकीकडे बोट केलं. ती "बरं" म्हणाली आणि गेली. तेव्हा टिकाव परत हवा. गवंडी दुसरा आणायला तयार नाही, त्याचा हात त्याच दांड्याला बसलाय म्हणे.

ता. क. ३ : पार्सलने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस. भीती अजून गेलेली नाही, फावड्या. नुसती छातीतून उतरून फरशीखाली गेली आहे. पहिला घाव पडेल तेव्हा मी बाहेरच्या खोलीत त्या भिंतीला टेकून बसलेला असेन, आणि तो आवाज मला एकट्याने ऐकायचा नाही.