लिफ्टचा आवाज

४ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे, चौकशी पुरे. चष्म्याचं दुकान बंद करून बाप संगीत नाटकाच्या कोरसमध्ये नाचतो, हे तुला खरं वाटत नाही म्हणतेस. मलाही वाटत नाही!

बोटीला उशीर होतो आणि अख्खं गाव वाट बघतं, असं आमचं गाणं. नाच बसवणाऱ्या बाईंना आम्ही पाठीमागे हेडमास्तर म्हणतो. काल सगळे उजवीकडे वळले, मी डावीकडे, आणि शेजारच्या मावशींच्या पोटात माझं कोपर. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर तुम्ही पडदा ओढायचा, असं हेडमास्तरांनी सुनावलंय. ठमे, मला हे गाणं करायचंच आहे गं. पडदा कसला ओढायला लावतात!

तुझ्या मायेचा भुकेला,
बाबा

९ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र जेवताना वाचलं आणि ठसका लागला. त्या मावशींची आधी माफी मागा. मला सायकल शिकवताना उजवीकडे म्हणून ओरडायचात आणि हात डावा दाखवायचात, म्हणून तर मी गटारात पडले!

पण आई गेल्यापासून दोन वर्षांत तुमचं इतकं हसरं पत्र आलं नव्हतं. तेव्हा पडदाबिडदा काही नाही. हट्ट धरा, सायकलवर मला धरायचात तसा.

माया आहेच, रागावू नये.
तुमची ठमी

१७ मार्च

चि. ठमीस अ. आ.

जमलं! सगळे समुद्राकडे बघून सारखेच हात हलवतात, चावीच्या बाहुल्या दिसतात, म्हणून हेडमास्तर वैतागल्या. गिरक्या रद्द. आपापल्या घरी वाट कशी बघतात ते करून दाखवा म्हणाल्या. कुणी नखं खाल्ली, कुणी खिडकीत डोकावलं. मी टेबल पुसायला लागलो. लिफ्टचा आवाज आला असं समजून थांबलो, केसांवरून हात फिरवला. लिफ्ट वरच्या मजल्यावर गेली. मग पुन्हा टेबल.

म्हटलं, आता पडदाच ओढायला लागणार. तर बाईंनी मला पुन्हा करायला लावलं, मग सगळ्यांना. आता अख्खा कोरस तेच करतो, फक्त लिफ्टच्या जागी जिन्यावरची पावलं. मावशी हात फार लवकर खाली घेतात, त्यांना मी शिकवतो. बघ म्हणजे!

कौतुक कर, कंजूषपणा नको.
बाबा

२२ मार्च

ती. बाबांस सा. न.

केलं कौतुक. पण चोरी पकडली हं! टेबल, केसांवरून हात, ही तर तुमची वाट बघणारी आमची आई. तिच्या जिवावर भाव खाताय! ती असती तर आधी फणकारली असती आणि मग पहिल्या रांगेत जाऊन बसली असती.

लोभ मावशींनाही थोडा द्यावा.
ठमी

२७ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

चोरी नाही गं. आई वाट बघायची तेव्हा मी लिफ्टमध्ये असायचो. ती कशी दिसायची, मला काय ठाऊक? तू सांगितलंस तेव्हा कळलं.

हे माझं आहे. संध्याकाळी लिफ्ट वाजली की तीच आली असं वाटून अजून हात केसांकडे जातो. वेडेपणा आहे, समजतं मला. पहिल्या गाडीने धावत येशील म्हणून बोललो नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. घरी मी एकटाच थांबतो. तालमीत आम्ही सगळे एकदम थांबतो, आणि पावलं वर निघून गेली तरी सगळे एकदम कामाला लागतो. फार बरं वाटतं.

प्रयोगाला ये. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा बाबा