फिरत्या फाटकाची रंगीत तालीम

बीतोम,
मे महिन्यातला दुसरा रविवार, जेवणानंतर आणि तीनच्या गोळीआधी

तीर्थरूप तेओफिलदादा,

धाकट्या एवाल्दचा दोन्ही हातांनी नमस्कार. उजवा पोहोचला आहे, डावा त्याच्या सवडीने येतो आहे. तुझा गुडघा वाकतो का आता? डॉर्टमुंडची हवा मानवली, की अजून तिथल्या पावाला नावं ठेवत बसतोस? इथे सगळे खुशाल. तुझ्या भावजयीचं, ट्रुडाचं वजन वाढलं आहे (हे मी लिहिलं असं तिला कळू देऊ नकोस, पत्र टाकायला तीच जाणार आहे). माझं म्हणशील तर कंपवात आहे तिथेच आहे, म्हणजे डाव्या हातात. उजव्याकडे तो अधूनमधून पाहुणा म्हणून जातो आणि पाहुण्यासारखाच लवकर निघत नाही.

मागच्या वर्षी ईस्टरच्या जेवणाला तू माझ्या ताटातलं मांस कापून द्यायला लागलास, मी काटा फेकला, तो लाल कोबीसकट तुझ्या नव्या शर्टावर बसला आणि तेव्हापासून तेरा महिने आपला एकमेकांना फोन नाही. त्या प्रकरणाबद्दल या पत्रात एक अक्षरही लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. काही मागण्यासाठीही हे पत्र नाही. नुसती खुशाली. (कागद पाहून हसू नकोस. ही माझ्या नातीच्या, याग्नाच्या दुरेघी वहीची पानं आहेत. कोऱ्या कागदावर माझं अक्षर बैलाएवढं सुरू होतं आणि पान संपेपर्यंत मुंगीएवढं होतं. दोन रेघांमध्ये कोंडलं की जरा वळणावर राहतं.)

तर गोष्ट अशी, की आम्ही सगळे जूनच्या शेवटच्या शनिवारी आनंददरीला जायचं ठरवलं आहे. आनंददरी म्हणजे पाळणे, झोके, पाण्यातल्या होड्या असलं ते मोठं उद्यान, इथून गाडीने दीड तास. हे ठरवलं मीच, फेब्रुवारीत, याग्नाच्या सातव्या वाढदिवसाला, केकचे दोन तुकडे पोटात गेल्यावर. तिथे छोटा ड्रॅगन नावाची एक गाडी आहे, रुळांवरून वरखाली पळते. याग्नाच्या उंचीच्या मुलांना त्यात बसायला शेजारी मोठं माणूस लागतं. आता आमच्याकडची मोठी माणसं पाहा. सबिनाला, म्हणजे माझ्या लेकीला, बागेतल्या झोक्यावरही ओकारी येते. जावई नॉर्वेत जहाजावर, तो ऑगस्टपर्यंत येत नाही. ट्रुडाला पडदे लावायला स्टुलावर चढली तरी चक्कर येते. आणि मी? मी सव्वीस वर्षं रोज पहाटे खाणीच्या पिंजऱ्यात उभा राहून सातशे मीटर खाली जात होतो, तेही पगार घेऊन. तेव्हा सगळ्यांसमोर मी त्या पोरीला शब्द दिला, की ड्रॅगनवर तुझ्या शेजारी तुझा आजोबा बसेल. तिने तो शब्द शाळेत जाऊन सांगितला, म्हणजे आता तो मागे घेता येत नाही.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मोठे झोके नकोत, उलटंपालटं करणारं काही नको, छोटा ड्रॅगन चालेल. मात्र गोळ्या घड्याळाच्या काट्यावर, पाणी भरपूर, आणि गोळीच्या आसपास मांस खायचं नाही, कारण तुमच्या बाबतीत मांस पोटात असलं की गोळी लागू पडत नाही. म्हणजे ड्रॅगनवर बसायला मुभा, पण रविवारच्या जेवणाला पहारा. सबिनाने लगेच फ्रिजवर तक्ता लावला, सात, अकरा, तीन, सात. खाणीतसुद्धा मला इतक्या वेळा हजेरी द्यावी लागली नव्हती.

मग निघाला दाखल्याचा विषय. अपंगत्वाचा दाखला काढा म्हणून सबिना दोन वर्षं माझ्या मागे लागली होती आणि मी दोन वर्षं सांगत होतो, की मी अपंग नाही, मी नुसता हलतो. पण एक दिवस तिने आनंददरीचे नियम मोठ्याने वाचून दाखवले. दाखला असेल त्याला आणि त्याच्या घरच्यांना रांगेत उभं राहावं लागत नाही, शिवाय एक सोबती फुकट. याग्नाने वहीतून मान वर केली आणि म्हणाली, "आजोबा, म्हणजे तुम्ही आमच्याकडचे सगळ्यात मोठे साहेब." दुसऱ्या दिवशी तिने वर्गात जाहीर केलं, की माझे आजोबा खूप आजारी आहेत. संध्याकाळपर्यंत तीन मुलींच्या आयांचे फोन आले, आधी तब्येतीची चौकशी करायला आणि मग तुम्ही नक्की कुठल्या शनिवारी जाताय ते विचारायला. इतकी इज्जत मला खाणीत बढती मिळाली तेव्हाही मिळाली नव्हती. गेलो मुकाट्याने समितीपुढे.

आणि दादा, माझं नशीब बघ. तीन वर्षांत कधी लागू पडली नव्हती अशी त्या दिवशी सकाळची गोळी लागू पडली. हात असा शांत, की काठोकाठ भरलेली सूपची वाटी द्यावी. शर्टाची बटणं लावून दाखवा म्हणाले, नवरदेवासारखी लावली. चालून दाखवा म्हणाले, चाललो. ट्रुडा शेजारी बसून मला चिमटे काढत होती आणि ओठ न हलवता पुटपुटत होती, "जरा हल की मेल्या, एरवी चहाची बशी वाजवत असतोस." टक्कल पडलेले डॉक्टर होते, त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "काका, तुमच्यापेक्षा माझी तब्येत वाईट आहे." मी उठलो, सगळ्यांचा निरोप घेतला, दारापर्यंत गेलो आणि उंबऱ्यावर पाय चिकटले. तुला माहीत नसेल, हे गेल्या हिवाळ्यापासून सुरू झालं आहे. मोकळ्यावर मी चालतो, पण दार आलं की पायांना वाटतं आपलं काम संपलं. बाहेरून कुबड्या घेतलेला माणूस आत येऊ पाहतोय, आतून टकले डॉक्टर बाहेर जाऊ पाहतायत (त्यांना घाई होती, कसली ते चेहऱ्यावर दिसत होतं), आणि मधे मी, खुंटा ठोकल्यासारखा. चार मिनिटं. शेवटी ते माझ्या पाठीशी म्हणाले, "कळलं, काका, कळलं, आता पुरे." मी त्यांना शपथेवर सांगितलं की मी मुद्दाम करत नाही. दाखला पंधरा दिवसांत घरी आला.

पण ज्या दाराने दाखला दिला तेच दार आता सबिनाच्या डोक्यात बसलं. आनंददरीच्या तोंडाशी लोखंडी फिरतं फाटक आहे, एका वेळी एकच माणूस जातो. ती म्हणाली, "बाबा, तिथे तुम्ही अडकलात तर मागे दोन हजार माणसं असतील." म्हणून तिने गेल्या रविवारी रंगीत तालीम ठेवली. घरातून निघायचं, जिना उतरायचा, इमारतीचं खालचं दार म्हणजे फाटक, तिथे याग्ना बापाची टोपी घालून तिकीट तपासणार. दार ओलांडून अंगणाच्या टोकापर्यंत गेलो तर सगळे जाणार. नाही गेलो तर, "तुम्ही आईबरोबर घरी थांबा बाबा, आम्ही खूप फोटो आणू." हे ती इतक्या मायेने म्हणाली, की त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

साडेदहाला निघालो. म्हणजे निघणार होतो. ट्रुडा म्हणाली, आधी बसा. आपल्याकडे प्रवासाला निघण्याआधी मिनिटभर बसल्याशिवाय आई बाजारालासुद्धा जात नसे हे तुला सांगायला नको. मी म्हटलं, अगं ही तालीम आहे. ती म्हणाली, तालमीत पाय मोडला तर खरा मोडत नाही का? बसलो. सगळे कडक खुर्च्यांवर बसले आणि मी अक्कलवान त्या हिरव्या कोचावर, ज्याला तू दलदल म्हणतोस. मिनिट झालं, सगळे उठले, मी तिथेच. दोघींनी हात ओढले, याग्नाने मागून ढकललं, अकरा मिनिटं गेली. जिन्याच्या पहिल्या वळणावर आठवलं की गोळ्या फ्रिजवरच राहिल्या. आता विसरलेल्या वस्तूसाठी घरी परत गेलं की पुन्हा बसून दहा आकडे मोजायचे, नाहीतर अपशकुन. याग्ना म्हणाली मी धावत जाऊन आणते. ट्रुडा म्हणाली, जो विसरला त्यानेच बसायचं असतं. चढलो परत. आणि दादा, बसलो कुठे? त्याच कोचावर. याग्नाने दहापर्यंत मोजलं तोवर मी कमरेपर्यंत आत गेलो होतो.

या गडबडीत अकराची गोळी पावणेबाराला घेतली. आणि पावणेबारा वाजलेच आहेत, उपाशीपोटी कुठे निघालात, म्हणून ट्रुडाने दुपारसाठी शिजवलेल्या मांसाच्या गुंडाळ्यांपैकी दोन माझ्या तोंडात कोंबल्या. मी खाल्ल्या. सबिना आतल्या खोलीतून ओरडेपर्यंत तिसरीही अर्धी झाली होती. एकाच तासात शकुन सांभाळून, गोळी चुकवून, वर मांस खाऊन दारात अडकायला निघायचं, हे जगात फक्त आपल्या लोकांना जमेल.

अडकलोच. खालचं दार, पुढे याग्ना टोपी घालून हात पसरून उभी, मागे केकचं ताट घेऊन बहिणीकडे निघालेल्या शेजारच्या कुबित्साबाई. सबिनाने मोबाइलवर टकटक लावली, त्या ठेक्यावर पाऊल उचला म्हणून तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती टकटक म्हणजे हुबेहूब गळका नळ. पाय जागचे हलेनात, उलट लघवीला लागली. कुबित्साबाई म्हणाल्या, त्यांचे मेहुणे बीटाचा रस पितात. सबिनाने मोबाइल बंद केला आणि हळूच म्हणाली, "राहू दे बाबा. पुरे झालं." याग्नाने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मला वाईट वाटू नये म्हणून ती टोपीची शिवण बघत होती. दादा, त्या वर्षी खाणीत आपल्या डोक्यावरचं छत खाली आलं, तेव्हा मी असा घाबरलो नव्हतो. सात वर्षांची पोर आजोबाला सांभाळून घ्यायला शिकली, हे मला बघवेना.

तेव्हा काय आठवलं सांगू? आपल्या खाणवाल्यांच्या संत बार्बाराच्या दिवसाची पहाट. खाणीचा बँड गावाला उठवायला निघालाय, टोपीवर तुरे, बोटं गारठलेली, माझ्या खांद्यावर ट्यूबाचा पितळी कर्णा आणि पुढे डाव्या अंगाला तू, पोटावर मोठा ढोल. सव्वीस वर्षं मी तुझ्या ढोलामागे चाललो आणि एकदाही खाली पायांकडे पाहिलं नाही. मी याग्नाला म्हटलं, वर जा आणि पातेलं न् लाकडी चमचा आण. धुम, धुम, धुम-धुम-धुम, असं वाजव. तिने वाजवलं आणि डावा पाय उचलला गेला. मग उजवा. दार मागे पडलं तेव्हा मला कळलंही नाही. सबिनाने त्या क्षणी फोटो काढला आहे, त्यात मी हसतोय. गेले वर्षभर माझा चेहरा लाकडाचा झाला आहे म्हणतात, पण फोटोत दात मोजता येतात.

पुढे थोडी फजिती झाली. पोरीच्या हाताला धीर नाही. धुमधुम वाढत वाढत घोड्याची टाप झाली, माझे पाय तिच्यामागे पळत सुटले आणि अंगणातल्या सतरंज्या झोडायच्या लोखंडी चौकटीला मिठी मारली तेव्हा कुठे थांबलो. खिडक्या उघडल्या. दुसऱ्या मजल्यावरून क्लॅरिनेटवाला गेरार्ड ओरडला, "पातेलं पळतंय! तेओफिल असता तर मेला असता लाजेने!" पण अंगणाचं टोक आलं होतं. सबिना माझ्या गळ्यात पडून हसत होती की रडत होती ते तिलाच ठाऊक. जायचं पक्कं झालं. कोचावर बसायचं नाही, गुंडाळ्या रात्री खायच्या, असं ट्रुडाकडून लिहून घेतलं आहे. शकुन सोडायला मात्र ती तयार नाही. तिने माझ्यासाठी स्वयंपाकघरातलं उंच स्टूल ठरवलं आहे.

असो. बाकी सगळं ठीक. वहिनींना आणि लेकीला आमचा नमस्कार सांग. गुडघ्याला जप. तीन वाजत आले, सबिना फ्रिजजवळ उभी राहून माझ्याकडे बघते आहे.

तुझा धाकटा भाऊ,
एवाल्द

ता. क. तुझा ढोल आमच्या तळघरात आहे. ट्रुडाने त्यावर काकडीच्या लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या, त्या मी काल उतरवल्या. चामडं अजून ताण धरून आहे. काठी तेवढी सापडत नाही. ती तू जाताना घेऊन गेलास, असं मला वाटतं. याग्ना म्हणते की आनंददरीत तिच्या एका हातात म्हातारीचे केस असणार, त्यामुळे तिला वाजवायला जमणार नाही.

आणखी ता. क. आनंददरीच्या अर्जात फुकट सोबत्याचं नाव लिहायचं होतं. मी तुझं लिहिलं. ते आता बदलता येत नाही. (सबिना म्हणते येतं. मी विचारलेलं नाही.)

शेवटचा ता. क. त्या ईस्टरबद्दल पत्रात लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पत्र तर वर संपलं. मी तुझ्यावर चिडलो नव्हतो, दादा. मी माझ्या हातावर चिडलो होतो आणि तू शेजारी बसला होतास. आदल्या दिवशी, शुक्रवारीच ये, काठी घेऊन. ट्रुडा गुंडाळ्या करेल. माझ्या ताटातल्या तू काप, मी काटा खाली ठेवून गप्प बसेन. फक्त गोळी घेऊन तासभर होऊ दे.