झबल्यातलं जळगाव

जळगाव, ९ फेब्रुवारी १९८७

प्रिय लता,

सगळ्यांच्या आधी शेजारची भिकुबाईच आली धावत, पाहुण्यांच्याही पुढे. मी मुगवड्या घालत बसलेली, हात पिठाचे. मागून धुळ्याच्या संग्रहालयाचे साहेब अन् एक बाई. कॉलेजातली पोरच म्हण, पण वाकून नमस्कार केला हो. जळगाव नवं वसत होतं तेव्हा आपल्या पेठेच्या गल्ल्या, विहिरी ज्यांनी आखल्या त्यांचं प्रदर्शन भरवतायत म्हणे. म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांचं. त्यांचं नाव मी तोंडाने घेत नाही, लिहिते: जीवराम. साहेब वास्तुशिल्पकार म्हणत होते, आपण आपले मिस्त्रीआजा म्हणायचो. मला इतकं बरं वाटलं की तीनदा चहा टाकला. भिकुबाई म्हणाली, “अक्का, तुना घरमा तर बठ्ठं शहर शे!”

सगळं शहर माझ्या घरात म्हणे, अन् तिथेच मी अडकले. तुझ्या बापाने, बन्सीलालने, त्यांना आधीच कळवलेलं, मिस्त्रीआजांनी हाताने काढलेला पेठेचा नकाशा माझ्या पेटीत आहे. प्रदर्शनाच्या पत्रिकेतही छापलंय. साहेब म्हणाले, तेव्हा असे नकाशे खळ दिलेल्या निळसर कापडावर काढत, अन् याची दुसरी प्रत कुठेच नाही. पेटी उघडा म्हणाले तर मी किल्ली पाचोऱ्याला राहिली म्हणून सांगितलं. किल्ली माझ्या कमरेला. पदर घट्ट धरून बसले, वाजू नये म्हणून.

तेव्हापासून बन्सीलाल समोर आला की मी देव्हाऱ्याकडे वळते. सगळ्या पेठेत सांगत फिरतोय बिचारा, त्याची मान खाली गेली तर मी काय करू?

पेटीत नकाशा नाही, लता. तू झालीस तेव्हा इवलीशी, श्वास मोजत होतो तुझा. बाळाला पहिलं कापड घरातल्या वडीलधाऱ्याचं जुनं घालावं, म्हणजे त्यांचं आयुष्य लागतं. मिस्त्रीआजा नव्वद वर्षं जगले, पण त्यांचं धोतर-उपरणं काही उरलं नव्हतं. पेटीत ते कडक, निळसर कापड तेवढं होतं, रेघारेघांचं. मला कुठे वाचता येत होतं तेव्हा? सोड्यात उकळलं, खळ निघाली, अन् आतून मलमल निघाली बघ, लोण्यासारखी. दोन दुपटी अन् एक झबलं शिवलं. तू जगलीस. दुपटी विरून गेली.

झबलं तू गेल्या साली तुझ्या बाळासाठी सासरी सावद्याला नेलंस. त्याच्या बगलेत, शिवणीच्या आतल्या बाजूला, काळ्या रेघा राहिल्यात. मी तेव्हा डाग समजून किती घासल्या. त्या गल्ल्या असतील गं. आता ते धुऊ नकोस. बाळाच्या अंगातून काढ अन् घेऊन ये, बाळालाही आण. तू शेजारी बसलीस तर माझ्याने खरं सांगवेल. गल्लीतला झुलाल केळीच्या ट्रकवर तिकडे येतोय, त्याच्याच हाती ही चिठ्ठी देते.

तुझीच, किल्ली लपवून बसलेली
आजी

ते लोक गुरुवारी दुपारी परत येतो म्हणून गेलेत, त्याआधी पोच.