डॉक्टरांची मनाई

मंगळवार, भर दुपार

प्रिय लिफ्टवाल्या,

एकाच घरात राहून पत्र कसलं, म्हणून हसू नकोस. उद्या तुझ्या डब्यासोबत ठेवीन. समोर बसून बोलायला गेले तर तोंडातून शब्द फुटायचा नाही. मी मजेत आहे. बाळही मजेत, माझं जेवण झालं की लाथा झाडतं.

निळ्या पडद्यांची ऑर्डर शिवून होत आली. खिडकीत टांगलेल्या पडद्यांतून ऊन आलं की अख्खी खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटते आणि मशीनपाशीच माझा डोळा लागतो. आज स्वप्नात तुझी लिफ्ट होती. मजलेच नव्हते, ती नुसती वर वर चालली होती. तू मागून माझ्या पोटावर दोन्ही हात ठेवून उभा होतास आणि कुठे उतरायची घाई नव्हती. जाग आल्यावर मी बराच वेळ हललेच नाही.

बाळाची वार पिशवीच्या तोंडाशी, खाली आहे, पुढच्या सोनोग्राफीपर्यंत संबंध टाळा, एवढंच डॉक्टर म्हणाल्या होत्या. तू उशी-पांघरूण उचलून थेट बाहेरच्या खोलीत गेलास. जराशी शंका आली की सगळी लिफ्ट बंद करून पाटी लावणारा माणूस तू. पण माझ्या केसांवरून हात फिरवायला कुणी मना केलं होतं रे?

आता खरं सांगते. मागच्या महिन्यात तुला सुट्टी मिळाली नाही, मी एकटीच तपासणी करून आले आणि ‘सगळं ठीक आहे’ एवढंच बोलले. वार वर सरकलीय. लाज गुंडाळून ठेवून मी विचारलंसुद्धा. डॉक्टर म्हणाल्या, “आता हरकत नाही. तुम्हाला सोसेल तसं, सावकाश. रक्त दिसलं, पाणी गेलं किंवा कळा आल्या तर मात्र लगेच या. आणि जवळ झोपायला तर कधीच मनाई नव्हती.”

हे तुझ्यापासून लपवलं. मनाई होती तोवर, तू तिच्यामुळेच लांब आहेस असं मनाला सांगता येत होतं. ती उठल्याचं कळूनही तू बाहेरच झोपलास तर? हे पोट, हे सुजलेले पाय तुला नकोसे झाले असतील तर?

पण आता राहवत नाही. मला तू हवा आहेस. किती, कसा, ते माझं मलाही ठाऊक नाही. कदाचित नुसतं कुशीत घेशील आणि मी झोपून जाईन. भीती वाटत असेल तर भीती घेऊन ये. नको वाटत असेल तर तेही सांग, पण शेजारी पडून सांग.

अजूनही पलंगाच्या एकाच कडेला झोपणारी,
तुझी बायको